चार नटांचं झाकण

त्याला सगळे खटपट्या म्हणायचे, आणि ते नाव त्याच्या थोरल्या बहिणीने ठेवलेलं. आठ वर्षांचा असताना त्याने घरातलं भिंतीवरचं घड्याळ उघडून त्याचे चाळीस तुकडे केले होते आणि जोडताना एकोणचाळीसच लागले होते. घड्याळ मात्र चालू झालं. "हा एक खटपट्या," ताई म्हणाली, आणि ते त्याला जे चिकटलं ते चिकटलंच. पुढे त्याने वेल्डिंगचं दुकान काढलं तेव्हा पाटीवर काय लिहू असं रंगाऱ्याने विचारलं, तर याने हेच नाव सांगितलं.

दुकान म्हणजे रस्त्याकडेची पत्र्याची शेड. आत ट्रकचे कमानपाटे, सायकलींची चाकं, पाण्याचे पाइप, तेलाची रिकामी पिंपं, मोडीत निघालेल्या गाड्यांचे दांडे यांचा हा ढीग. त्यातून तो शेतकऱ्यांना लागणारी मशीनं करून द्यायचा. सायकलच्या चाकावर चालणारं पेरणीयंत्र, बटाटे उकरायचा नांगर, मक्याची कणसं सोलायचं हातयंत्र. कंपनीच्या मशीनपुढे ती दिसायला ओबडधोबड, रंगसुद्धा कधी निळा तर कधी जो डबा उघडा असेल तो. पण चालायची, आणि बिघडली तर कुठल्याही दुकानात दुरुस्त व्हायची. याचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवायची त्याला सवय नव्हती.

ताई आणि भाऊजी वीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि खोल्या वर्षअखेरीला रिकाम्या करून द्यायच्या असं त्याने सांगितलं. भाऊजींची शेताला लागून एक मोकळी जागा होती. विटा आणून घर बांधायचं तर चार भिंतींवरच सगळं संपणार होतं. तेव्हा खटपट्या म्हणाला, "विटा आणता कशाला? तुम्ही विटांवर उभे आहात."

त्याने जागेवरची माती काचेच्या बाटलीत भरली, पाणी घालून हलवली आणि ठेवून दिली. तासाभराने वाळू खाली बसली, चिकणमाती वर आली. त्याने बोटाने थर मोजले. "माती चांगली आहे. थोडी वाळू घातली की झालं." मग पंधरा दिवस खपून त्याने विटा दाबायचं यंत्र केलं. लोखंडी पेटी, तिला जाड झाकण, आणि माणूसभर लांबीचा पाइप. ओलसर माती पेटीत भरायची आणि दोघांनी पाइपवर लोंबकळायचं. खालून चौकोनी, गुळगुळीत, फूटभर लांबीची वीट वर यायची. बारा घमेली मातीला एक घमेलं सिमेंट. भट्टी नाही, जाळ नाही. तीन आठवडे पोत्यांखाली ओली ठेवायची, बस.

पहिली वीट सुकल्यावर भाऊजींनी ती खांद्याइतक्या उंचीवरून खाली टाकली. कोपरासुद्धा उडाला नाही. दुसरी त्यांनी बादलीत दोन दिवस बुडवून ठेवली आणि दर दोन तासांनी जाऊन बघत राहिले. ताई म्हणाली, "वीट आहे ती. लोणी नाही विरघळायला." भाऊजी हसले. ते हळू बोलणारे, सावकाश हसणारे गृहस्थ होते. मेव्हण्याला कायम 'मेव्हणेबुवा' म्हणायचे, आणि त्याच्या प्रत्येक मशीनमध्ये काही तरी खोट काढून शेवटी तेच वापरायचे.

अडचण आली ती माती कालवण्याची. ढेकळं फोडा, चाळा, सिमेंट घाला, फावड्याने उलथापालथ करा. दिवसभर दोघं राबले तरी चाळीस विटांच्या वर जाईनात. लागणार होत्या साडेतीन हजारांवर. त्यांची मुलगी शहरात नर्सिंग शिकत होती, ती सुट्टीपुरतीच यायची. मग खटपट्याने तेलाचं पिंप आडवं केलं, आतून दांडा घातला, दांड्यावर कमानपाट्यांची पाती जोडली आणि ते सगळं भाऊजींच्या जुन्या ट्रॅक्टरला लावलं. ट्रॅक्टरच्या पाठीमागे जो फिरता दांडा असतो, त्याने पिंपातली पाती फिरायची. ट्रॅक्टर आणि पिंप यांच्यामध्ये ट्रकचा एक जुना लांब दांडा होता. तो उघडा राहू नये म्हणून त्यावर त्याने पत्रा अर्धगोल वाकवून झाकण केलं आणि चार नटांनी आवळलं.

आणि दांड्याच्या जोडावर एक मऊ लोखंडाचा बोल्ट घातला. पिंपात दगड अडकला की हा बोल्ट तुटायचा आणि बाकी मशीन वाचायचं. हे तर तो सगळ्यांना समजावून सांगायचा. "हा बोल्ट मरतो म्हणून बाकीचं जगतं."

पण त्या जमिनीत दगडच दगड होते. बोल्ट दिवसाला चार-चार वेळा तुटू लागला. प्रत्येक वेळी झाकणाचे चार नट काढा, झाकण उचला, तुटलेला तुकडा ठोकून बाहेर काढा, नवा घाला, पुन्हा चार नट आवळा. एका रविवारी ताई घरी राहिली होती आणि खटपट्या स्वतः मदतीला आला होता. त्या दिवशी दुपारपर्यंत सहा बोल्ट तुटले.

"मेव्हणेबुवा," भाऊजी कपाळ पुसत म्हणाले, "तुमचं मशीन माती कालवतं की बोल्ट खातं?"

ते त्याला लागलं. थट्टाच होती, पण लागलं. त्याने डब्यातून कडक पोलादाचा बोल्ट काढला. तो दोन इंच जास्त लांब होता. जोडात बसवल्यावर त्याचं टोक बाहेर राहिलं. कापायला गेला तर करवतीचं पातं मोडलेलं. झाकण परत बसवायला घेतलं तर सारखं काढ-घाल करून त्याचा एक कान, म्हणजे नट घालायची पट्टी, तुटून हातात आला. ते दुकानात नेऊन वेल्ड करावं लागणार होतं.

"उद्या येतो," तो म्हणाला. "झाकण नेतो, कान जोडतो, बोल्टही कापून देतो. तोवर बंद ठेवता का?"

"ढेकळं फोडत बसू का दिवसभर? मी काय लहान मूल आहे? लांबूनच चालवीन."

खटपट्याने झाकण विटांच्या थप्पीला टेकवून ठेवलं. चारही नट एका डबीत घालून वर ठेवले. घरी निघताना झाकण बरोबर न्यायचं तो विसरला. सोमवारी दुकानात एका ट्रॉलीचं काम आलं. मंगळवारी तेच चाललं. बुधवारी आठवलं, तेव्हा तो म्हणाला, आता उद्या.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला शेजारच्या शेतातल्या ट्रॅक्टरवाल्याचा फोन आला. "तुम्ही लगेच या. मशीन बंद केलंय. पण तुम्ही या."

तो पोचला तेव्हा भाऊजींना जमिनीवर ठेवून त्यांच्यावर कोणी तरी पोती टाकली होती. विटांवर टाकायची तीच ओली पोती. ताई थोड्या अंतरावर मातीच्या ढिगावर बसली होती आणि तिच्या हातात अजून फावडं होतं. ते कोणी काढून घ्यायला गेलं की ती ते घट्ट धरायची.

काय झालं ते तिने त्याला एकदाच सांगितलं, तेही शब्द तोडून तोडून. सकाळी थंडी होती. त्यांच्या अंगात ते जुनं जाकीट होतं, खिशाजवळ उसवलेलं. पाण्याचा कॅन दांड्याच्या पलीकडे होता. वळसा घालून जायचं सोडून ते वरूनच वाकले. उसवलेलं कापड बोल्टाच्या टोकाला गुंडाळलं. ती ढिगावर माती ओढत होती. तिने हाक ऐकली नाही, कारण त्यांनी हाक मारलीच नाही, एवढा वेळच नव्हता. ती ट्रॅक्टरकडे धावली. दहा पावलं होती. तिने बंद केलं.

"दहाच पावलं होती रे," ती म्हणाली.

 खटपट्याची नजर विटांच्या थप्पीकडे गेली होती. झाकण त्याने टेकवलं होतं तसंच होतं. वर डबीत चार नट.

दुसऱ्या दिवशी चौकशीला पोलीस ठाण्यातून दोन माणसं आली. एक विचारत होता आणि दुसरा गुडघ्यावर कागद ठेवून लिहीत होता. मशीन कोणी बनवलं? मी. कधीपासून चालू आहे? दीड महिना.

"एवढा दांडा उघडाच? याला झाकण नव्हतं?"

"होतं," खटपट्या म्हणाला.

"कुठाय?"

त्याने बोट दाखवलं.

"म्हणजे काढून ठेवलेलं."

त्याने मान डोलावली.

"चालवणाऱ्याने झाकण काढून ठेवलेलं," लिहिणारा तोंडाने म्हणत म्हणत लिहू लागला. मग त्याने वर बघितलं, बरोबर ना, अशा अर्थाने. खटपट्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाकडे बघत राहिला. लिहिणाऱ्याने पूर्णविराम दिला. आपण तोंडाने खोटं बोललो नाही, असं खटपट्या नंतर कितीतरी दिवस स्वतःला सांगत होता.

महिनाभर जागेवर कोणी फिरकलं नाही. भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या. मग एके दिवशी ताई त्याच्या दुकानात आली, पिंपावर बसली आणि म्हणाली, "किती विटा कमी आहेत?"

"ताई, आत्ताच काय घाई आहे?"

"खोल्या सोडायच्यात मला. पोरीला घेऊन जाऊ कुठे? तुझ्याकडे?" त्याने तोंड उघडलं तशी ती म्हणाली, "नको. घर तिथेच होईल. किती कमी आहेत?"

"चौदाशेच्या आसपास."

"मशीन नको मला ते. फावड्याने कालवू. तू येशील का?"

तो रोज जाऊ लागला. दुकान अर्धा दिवस बंद. बायको म्हणाली, "जा तुम्ही. तिला आता आहे कोण?" तिलाही त्याने काही सांगितलेलं नव्हतं.

ताई पन्नाशीला आली होती, पण माणसासारखी नव्हे, मशीनसारखी काम करायची. मूठभर माती दाबून गोळा करायची, छातीच्या उंचीवरून टाकायची. गोळा चार-पाच तुकड्यांत फुटला की ओल बरोबर. पसरला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी. हे तिला भाऊजींनी शिकवलं होतं. ती गोळा टाकायची आणि भाऊजींशी भांडायची.

"चार नट काढायचा कंटाळा आला म्हणे. बरोबर आहे. साहेबांना घाई ना. बायको गेली खड्ड्यात, पोरगी गेली खड्ड्यात. झाकण कोण लावत बसतंय!"

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा खटपट्याच्या हातून थापी पडली. तिला वाटलं, उंचीवर उभा आहे, हात घसरला असेल.

हे रोज चालायचं. कधी ती रागाने बोलायची, कधी नुसती कुरकुर, जशी ती भाऊजी जिवंत असताना चहाच्या कपावरून करायची. "उजव्या हाताला पाना होता. डाव्या हाताला झाकण होतं. जरा वाकून लावायचं. पण नाही." लोक भेटायला यायचे, तेही मान हलवत म्हणायचे, "ताई, दुसऱ्या कोणाची चूक असती तर भांडता तरी आलं असतं. आता कोणाशी भांडणार?" सुट्टीत मुलगी आली. तीही विटा उचलता उचलता एकदा म्हणाली, "मामा, मला बाबांचा राग येतो. असा राग येणं वाईट आहे का?"

"नाही गं," तो म्हणाला. 

त्याने स्वतःशी एक वाद चालवला होता. मऊ बोल्ट असता तर तो तुटला असता का? तुटला असता तर दांडा थांबला असता, भाऊजी वाचले असते. मग दोष बोल्टाचा, आणि बोल्ट बदलायला तर भाऊजींनीच भाग पाडलं होतं. या वादाने त्याला जेवण जाईना. शेवटी एका सकाळी, ताई आणि मुलगी शहरात गेल्या असताना, तो एकटा जागेवर आला. ताडपत्रीखालचं मशीन ओढून काढलं, ट्रॅक्टरला जोडलं आणि जोडात मऊ बोल्ट घातला, तसाच लांब, टोक बाहेर ठेवून. एका पोत्यात माती भरली, माणसाच्या वजनाची. पोत्याला त्याने आपला जुना सदरा घातला आणि दोरीने आवळला.

ट्रॅक्टर चालू केला. लांब काठीने सदऱ्याचा शेव दांड्यावर टाकला.

बोल्ट तुटला नाही. पोतं एका क्षणात ओढलं गेलं, आपटलं, फाटलं आणि माती त्याच्या तोंडावर उडाली. त्याने ट्रॅक्टर बंद केला. खाली बसला.  मग उठला, नवं पोतं भरलं, तोच सदरा सोडवून त्याला घातला. या वेळी झाकण बसवलं. तुटलेल्या कानाच्या जागी तारेचा वेढा दिला. पाच मिनिटांचं काम. वेल्डिंगची गरजसुद्धा नव्हती. सदऱ्याचा शेव झाकणावर टाकला. तो पत्र्यावरून घसरून खाली पडला. पुन्हा टाकला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदाही तेच.

आता वाद उरला नव्हता. त्याने फाटलेलं पोतं आणि सदरा गोळा केला, मशीन झाकलं आणि घरी गेला.

सांगायला त्याला तरीही अकरा दिवस लागले. भिंती वर आल्या होत्या. दाराच्या वरच्या थराचं काम चाललं होतं. तो पाइपांच्या परांचीवर उभा, ताई खालून एकेक वीट देत होती, आणि तिचं बोलणं चालू होतं. आज भाऊजींवर राग नव्हता, नुसती कीव होती. ती जास्त वाईट होती. "बिचाऱ्याला वाटलं असेल, एवढंसं तर आहे. कोणाला सांगावं तरी कशाला. एकट्यानेच काढून ठेवलं..."

"ताई," तो म्हणाला. "झाकण मी काढलं होतं."

तिने हातातली वीट वर केली होती. ती तशीच धरून राहिली. त्याने घेतली नाही, तेव्हा तिने ती खाली ठेवली.

"काय?"

"झाकण मी काढलं. रविवारी. त्याचा कान तुटला होता. जोडून देतो म्हणालो आणि राहिलं. बोल्टही मीच बदलला. त्याचं टोक बाहेर राहिलं होतं. कापायचं होतं, तेही राहिलं."

"त्यांना ठाऊक होतं?"

"हो. ते म्हणाले, लांबून चालवतो."

"चौकशीवाल्यांना काय सांगितलंस?"

"मी काही सांगितलं नाही. त्यांनी लिहिलं. मी लिहू दिलं."

 ताईने पदराने एकेक बोट पुसलं, अगदी नखापर्यंत. मग म्हणाली, "खाली उतर."

तो उतरला. तिच्यासमोर उभा राहिला. त्याला वाटलं ती मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं.

"झाकण लावायचं राहिलं," ती म्हणाली. "राहतं माणसाचं. त्यांचंही राहिलंच असतं. त्याबद्दल मी तुला कधीच काही म्हटलं नसतं. पण दोन महिने मी त्यांना शिव्या देतेय. मेलेल्या माणसाला. रोज. आणि तू वर उभा राहून ऐकत होतास. विटा घेत होतास माझ्या हातून आणि ऐकत होतास."

"ताई..."

"पोरगी बापावर राग धरून बसलीय. तिला तू काय सांगितलंस? राग येणं वाईट नाही म्हणालास ना? तिने सांगितलं मला. म्हणाली, मामा किती समजूतदार आहे."

त्याला रडू आलं. तिला आलं नाही. तिने विचारलं, "अशी मशीनं आणखी किती विकलीस?"

"तीन."

"झाकणं आहेत त्यांना?"

"लावून दिली होती. आता आहेत की नाहीत, ठाऊक नाही."

"आधी तिकडे जा. मग जिथे ते खोटं लिहिलंय तिथे जा आणि खरं लिहून दे. माझ्या नवऱ्याच्या नावावर ते राहायला नको. तुझी थापी, ओळंबा, काय असेल ते घेऊन जा. उद्यापासून येऊ नकोस."

तो दुसऱ्याच दिवशी निघाला. पहिल्या मशीनचं झाकण जागेवर होतं, त्याचा मालक म्हणाला, "तुम्हीच लावलंत ना? मग काढू कशाला?" दुसऱ्याकडे झाकण कोंबड्यांना दाणे घालायला वापरत होते. खटपट्याने ते धुतलं, बसवलं आणि नट वेल्ड करून टाकले, म्हणजे पुन्हा निघणार नाही. मालक चिडला. "आता बोल्ट तुटला तर मी काय करू?"

"मशीन बंद ठेवा," तो म्हणाला.

तिसऱ्याने मशीन विकून टाकलं होतं. कोणाला? बाजारात एक जण आला, घेऊन गेला. नाव? विचारलं नाही. झाकण होतं? मालकाने डोकं खाजवलं. "आठवत नाही हो. असेल."

मग तो पोलीस ठाण्यात गेला. टेबलामागच्या माणसाने कागद शोधून काढले, वाचले आणि चष्मा कपाळावर सरकवला. "हे तर मिटलंय. आता कशाला उकरून काढता? बहिणीने तक्रार केलीय का?"

"नाही. मीच करतोय."

"स्वतःवर?"

"हो."

त्या माणसाने त्याला बसायला सांगितलं, चहा मागवला, घरी बायकोमुलं आहेत का ते विचारलं. चांगलाच माणूस होता. पण खटपट्या उठेना, तेव्हा त्याने कोरा कागद पुढे केला. खटपट्याने लिहिलं. शाळा सुटल्यापासून त्याने एवढं कधी लिहिलं नव्हतं. मशीन कसं जोडलं, बोल्ट कोणता, झाकण कुठे ठेवलं, कोणत्या वारी. शेवटी लिहिलं, 'भाऊजींनी झाकण काढले नाही.' आणि खाली सही केली.

पुढचं सगळं त्या कागदातून निघालं. निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याचा खटला उभा राहिला. शेडला टाळं लागलं. बायको पहिले काही दिवस त्याच्याशी बोललीच नाही, आणि बोलली तेव्हा म्हणाली, "तुम्हाला मोकळं वाटायला हवं होतं, म्हणून आम्हाला उघड्यावर आणलंत." आणि त्याला मोकळंही वाटत नव्हतं.

न्यायालयात ताईची साक्ष झाली. ती साधी साडी नेसून उभी राहिली आणि विचारलं तेवढंच बोलली. झाकण कोणी काढलं? भावाने. तुम्हाला कसं कळलं? त्यानेच सांगितलं. मुद्दाम केलं असं वाटतं का? नाही. मग त्याच्या वकिलाने, त्याला सोडवता येईल या आशेने, विचारलं, "तुम्ही भावाला माफ केलंय का?"

"ते तुम्ही विचारायचं नाही," ताई म्हणाली. न्यायाधीशांनीही वकिलाला पुढचा प्रश्न विचारायला सांगितलं.

खटपट्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. तो मात्र सारखा तिच्या हातांकडे बघत होता. नखांत माती होती.

त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. ती त्याने भोगली. तुरुंगात त्याला खाटा आणि खिडक्यांचे गज दुरुस्त करायला दिले, तेही त्याने केलं. सुटून आला तेव्हा शेड दुसऱ्याने घेतली होती. आता तो एका मोठ्या कारखान्यात रोजावर वेल्डिंग करतो. तिथे आखून दिलेल्या रेषेवर टाके मारायचे असतात, डोकं चालवायचं नसतं. कोणी त्याला खटपट्या म्हणत नाही. तिथे कोणाला ते नाव ठाऊकच नाही. ते तिसरं मशीन त्याला सापडलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी तो बाजाराच्या गावांना जातो, भंगारवाल्यांना विचारतो, लोकांच्या शेतात डोकावतो. दोनदा त्याला चोर समजून हाकलून दिलं.

ताईचं घर पुरं झालं. वरचे थर तिने आणि मुलीने लावले, छपराला तेवढा सुतार लावला. घर कसं झालं हे त्याला फक्त लोकांकडून कळलं. भिंती सरळ आहेत, आत गारवा असतो, म्हणाले. तो त्या रस्त्याने जात नाही.

परवा दुपारी जेवणाच्या सुट्टीत भाचीचा फोन आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. आवाज एकदम मोठ्या बाईचा झाला होता. तिने कसा आहेस वगैरे विचारलं नाही.

"मामा, मागच्या भिंतीला भेग पडलीय. खिडकीखालून खालपर्यंत. बोट जात नाही, पण नख जातं."

"तिरपी आहे का सरळ?"

"सरळ."

"मग घाबरू नको. पाया खचला नाही. माती आवळलीय. भरून घेता येईल." त्याने डबा बाजूला ठेवला आणि तो उभा राहिला. "माती बारीक चाळणीने चाळून घे. आठ भाग माती, एक भाग सिमेंट. वाळू अगदी थोडी. भाकरीच्या पिठापेक्षा सैल ठेव. सुरीने आत दाब, वरून नुसती थापू नको."

पलीकडून काही तरी सरकवल्याचा आवाज आला. मग लांबून ताईचा आवाज आला. तो त्याने कितीही वर्षांनी ओळखला असता.

"विचार त्याला, भेग आधी ओली करायची का?"

भाचीने विचारलं, "मामा, भेग आधी ओली करायची का?"

"हो," तो म्हणाला. "आधी. चांगली भिजू दे. नाही तर कोरडी भिंत सगळं पाणी ओढून घेईल आणि भरलेलं सुटून येईल."

भाचीने ते आत सांगितलं.  तो फोन कानाला लावून उभा होता. मागे कारखान्याचा भोंगा वाजला.

"बरं, ठेवते," भाची म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.